मामांबरोबर पाहिलेले किनारे

आमच्या कंपनीच्या मेक्सिकोतल्या प्लांटमध्ये वेल्डिंगची नवी लाइन बसवायची होती, त्यासाठी चाकणहून दोन माणसं पाठवायचं ठरलं. एक मी, रोबोटचे प्रोग्राम लिहिणारा. दुसरे मामा. मामा म्हणजे आमच्या शॉपमधले सगळ्यात जुने फिटर. सगळी शॉप त्यांना मामाच म्हणते, मॅनेजरसकट. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली होती. वेल्डिंगचा पार्ट पकडून ठेवणारं एखादं फिक्स्चर केसभर तिरकं बसलं असलं तरी मामा त्यावरून नुसता तळवा फिरवून सांगायचे, "ह्याला झोप न्हाई लागायची, सायेब. उठवा परत." मी त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, तरी मला ते सायेबच म्हणायचे. त्यात निम्मा मान आणि निम्मी चेष्टा असायची.

आम्ही दोघंही मोशीचे, एकाच स्टॉपवर कंपनीच्या बसची वाट पाहणारे. फरक एवढाच की मामा मूळचे तिथले. त्यांच्या वडिलांच्या शेतावर आता बारा-बारा मजल्यांच्या सोसायट्या उभ्या आहेत, आणि त्यातल्याच एकीत मी लातूरकडून येऊन हप्त्यावर फ्लॅट घेतलेला. मामांचं लहानपण इंद्रायणीत गेलं. पुराच्या पाण्यात झाडाचा ओंडका धरून पलीकडं जायचं आणि पोहत परत यायचं, हे ते आपण रिक्षाने चिंचवडला जाऊन आलो अशा थाटात सांगायचे.

माझ्या गावात पोहण्याएवढं पाणी कधी नव्हतंच. उन्हाळ्यात विहिरीचा तळ उघडा पडायचा. मी नऊ वर्षांचा असताना घरचे माझ्या कमरेला दोर बांधून मला विहिरीत सोडायचे. खाली झिरप्याशी बसून वाटीवाटीने घागर भरायची. एकदा शेवाळावर पाय सरकला आणि मी कोपऱ्यातल्या डोहात पडलो. पाणी कमरेएवढंच असेल. पण वरचं आभाळ ताटलीएवढं दिसत होतं आणि माझी हाक दगडांत फिरून माझ्याकडेच परत येत होती. वर ओढून घेतल्यावर आईने अंगात ताप आला का म्हणून कपाळाला हात लावून पाहिला. तेव्हापासून मी बादलीतलं पाणीसुद्धा डोक्यावरून ओतून घेत नाही. शॉवरखाली डोळे मिटून उभं राहणं मला जमत नाही.

मेक्सिकोतला आमचा प्लांट डोंगरपठारावर होता, समुद्रापासून लांब. दीड महिना काम झाल्यावर तिथल्या सणाची चार दिवस सुट्टी लागली. तिथले कामगार म्हणाले, खाली समुद्रावर जा, लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्यांचं एक गाव आहे, बघण्यासारखं आहे. मला चार दिवस झोपायचं होतं. मामा ऐकेनात.

"इतक्या लांब आलो आन् समुंदर न बगता जायाचं? तुजी मामी काय म्हणंल मला?"

मामी म्हणजे त्यांची बायको. रोज तिकडच्या संध्याकाळी सातनंतर, म्हणजे आमच्या सकाळी, तिचा फोन यायचा.

गाव छोटं होतं. मातीचे रस्ते, रस्त्याच्या मधोमध झोपलेली कुत्री, भिंतींना टेकवून ठेवलेल्या रंगीत फळ्या, अनवाणी फिरणारी पोरंपोरी. दुकानं मनात येईल तेव्हा उघडायची. तीन शिफ्टमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला अशा गावात दुपारी बारा वाजता काय करावं तेच कळत नाही. आम्ही एका बाईंच्या घरात खोली घेतली. बाई पन्नाशी ओलांडलेल्या, जाड वेणी घालणाऱ्या. त्या स्वतःच्या भाषेत फोनमध्ये बोलायच्या आणि फोन आम्हाला हिंदीत सांगायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी कागदावर किनाऱ्याची वेडीवाकडी रेघ काढली. हा छोटा खळगा, इथे लहान मुलं जातात. इथे होड्या लागतात. इथे फळी शिकणारे. हे टोक, इथे खडक आहेत, जपून. मग रेघेचा सगळ्यात लांब भाग आला, आणि तिथे त्यांनी पेन उचलून बोट हलवलं. फोन म्हणाला, इथे समुद्र बघायचा, आंघोळ करायची नाही.

"मग येवडा मोटा किनारा ठिवलाय कशापायी?" मामा मला म्हणाले. मी ते बाईंना विचारलं नाही.

पहिल्या दिवशी खळग्यावर गेलो. दीडशेच्या वर पायऱ्या उतरल्या की दोन कड्यांच्या मधे हिरवं, शांत पाणी होतं. बायका बाळांना कडेवर घेऊन त्यात बसल्या होत्या. मामांनी शर्ट-पँट काढून माझ्या हातात दिली आणि हाफ चड्डीवर सरळ आत गेले. छप्पन वर्षांचा माणूस, पोट सुटलेलं, पण पाण्यात गेल्यावर एकदम हलका झाला. सपासप हात मारत मधल्या होडीपर्यंत जाऊन आले.

"ये की! गुडघ्याएवढं हाय!"

मी गेलो, गुडघ्याएवढ्या पाण्यात. लाट म्हणावी असं काही नव्हतंच, पण पाणी मागे सरताना तळव्याखालची वाळू हळूहळू काढून घेत होतं. आधी टाचेखालची, मग बोटांखालची. आपण उभे आहोत ती जागाच कुणीतरी चोरतंय असं वाटलं आणि मी बाहेर आलो. शेजारी दोन वर्षांची एक पोर त्याच पाण्यात बसून खिदळत होती. मला लाज वाटली, पण भीती काही कमी झाली नाही.

दुसऱ्या दिवशी शिकणाऱ्यांच्या किनाऱ्यावर. तिथे एक मुलगी फळी शिकवत होती. विशीतली, बारकीशी, उन्हाने केस पिवळे पडलेली, आवाज मात्र आमच्या शॉपमधल्या सुपरवायझरसारखा. मामांनी तिला खुणेने विचारलं, मला येईल का? तिने त्यांच्या पोटाकडे पाहिलं, हसली आणि फळी दिली. तासभर मामा पडत राहिले. मी वाळूत त्यांचा चष्मा, फोन आणि कपडे घेऊन बसलो होतो. ते पाण्याखाली गेले की मी मोजायचो. एक, दोन, तीन, चार. डोकं वर आलं की पुन्हा शून्य. एकदा अकरापर्यंत गेलो तेव्हा उठून उभा राहिलो होतो. शेवटी एका लाटेवर मामा फळीवर दोन्ही गुडघ्यांवर बसून काठापर्यंत आले, आणि तिथली सगळी अनोळखी माणसं टाळ्या वाजवायला लागली. ती मुलगीसुद्धा.

परत येताना कच्च्या आंब्याच्या फोडी खाल्ल्या, वर तिखट आणि लिंबू. मामा म्हणाले, "तुजा जीव लई बारीक हाय, सायेब. पाणी वळखायचं आसतं. त्येला कळतं कोण आपलं आन् कोण परकं."

तिसऱ्या दिवशी होड्यांचा किनारा पाहून टोकावर गेलो. खडकांवर पाणी आपटत होतं आणि तुषार आमच्या डोक्यावरून जात होते. मामा तुषार चुकवत दोन पावलं मागे सरले. मला बरं वाटलं, म्हटलं आता ह्यांनाही कळलं असेल. पण परतताना रस्ता त्या लांब किनाऱ्यावरून होता.

इतका सुंदर आणि इतका रिकामा किनारा मी पाहिला नाही. दर थोड्या अंतरावर काठीला लाल निशाण. लाट लांबून येताना आळसावल्यासारखी यायची, काठाजवळ आली की दुमजली घराएवढी उभी राहायची आणि तिथेच, जवळजवळ वाळूवरच, कोसळायची. ते कोसळणं कानांच्या आधी तळव्यांना कळायचं, मोठ्या प्रेस मशिनजवळ उभं राहिल्यावर फरशीचा हादरा कळतो तसं. दूरवर चार-पाच जण फळ्या घेऊन पाण्यात बसले होते. ते तिथे कसे पोचले असतील, याचा विचारही मला नको होता.

मामा थांबले. डोळे बारीक करून त्यांनी बोट दाखवलं. "त्या दोन लाटांच्या मधी बग. तितं पाणी गप हाय. लाट फुटतच न्हाई."

खरंच, एका जागी गल्लीसारखी सपाट, काळसर पट्टी होती. दोन्ही बाजूंना फेस आणि मधे शांत.

"चला मामा," मी म्हणालो. ते चालायला लागले, पण दोनदा मागे वळून बघितलं त्यांनी.

चौथ्या दिवशी दुपारची बस होती. सकाळी उठलो तर मामा टॉवेल खांद्यावर टाकून तयार.

"एक डुबकी मारून येऊ. खळग्यावर."

आम्ही निघालो. कोपऱ्यावर खळग्याचा रस्ता डावीकडे होता. मामा उजवीकडे वळले.

"मामा, तिकडं नको. बाई काय म्हणाल्या ऐकलं ना? लाल निशाण आहे."

"आरं, निशाण त्यांच्यासाठी, ज्यांना येत न्हाई. म्या पुरात पवलोय."

"हा पूर नाही, मामा."

"पाणी ते पाणी. तू काटावर बस. पाच मिनटं."

मी आणखी काय म्हणालो ते आता आठवत नाही. मोठ्या माणसाचा दंड धरून त्याला मागे ओढायला पाहिजे होतं, ते मी केलं नाही. शॉपमध्ये एखादा सुरक्षेची जाळी काढून मशिन चालवताना दिसला तर मी लाल बटण दाबतो, मग तो कुणीही असो. इथे मी त्यांचा शर्ट घडी करून मांडीवर घेतला.

मामा त्या शांत पट्टीतच उतरले. सुरुवातीला सगळं सोपं वाटलं. कमरेएवढ्या पाण्यात गेले, एक बुडी मारली, वर आले, माझ्याकडे बघून हात केला. मीही केला. दुसरी बुडी मारून वर आले तेव्हा ते मला वाटलं होतं त्यापेक्षा लांब होते. मला वाटलं, ते पोहत आत चाललेत. मग दिसलं की त्यांचं तोंड माझ्याकडे आहे. ते काठाकडे हात मारत होते आणि मागे मागे जात होते.

ती शांत पट्टी म्हणजे लाटांनी आणलेलं सगळं पाणी समुद्रात परत जायची वाट होती. हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढं दिसत होतं की एक माणूस जीव खाऊन आपल्याकडे येतोय आणि लहान होत चाललाय.

मी उठून उभा राहिलो. आणि तसाच उभा राहिलो.

हे मला नीट सांगायला हवं. मला पोहता येत नव्हतं म्हणून मी आत गेलो नाही, ते ठीकच. पण मी ओरडलो नाही, धावलो नाही. पाय वाळूत रुतल्यासारखे झाले होते. आणि डोक्यात काय आलं, तर मॅनेजरला फोन कुणी करायचा, पासपोर्ट कुणाकडे आहे, मामीला काय सांगायचं. माणूस अजून जिवंत होता, मला दिसत होता, आणि मी त्याच्या मागचं सगळं आवरायला लागलो होतो.

तेवढ्यात मांडीवरून खाली पडलेल्या शर्टाच्या खिशात फोन वाजायला लागला. मी तो काढला. पडद्यावर मामी. कुठल्याशा लग्नातला फोटो, डोक्यावर पदर, हसणारी. फोन माझ्या हातात थरथरत होता आणि समोर मामांचं डोकं फेसाच्या पलीकडे दिसत होतं, नाहीसं होत होतं. रिंग संपली. पुन्हा सुरू झाली. किती वेळ मी तसा होतो ते मला सांगता येत नाही. एक मिनिट असेल, तीन असतील.

दुसरी रिंग संपली तेव्हा मी पळालो. मागे झावळ्यांच्या आडोशाला एक बाई शहाळी मांडत होती. मला तिची भाषा येत नव्हती. मी नुसता समुद्राकडे हात दाखवून "मामा, मामा" असं ओरडत होतो. तिने पाहिलं, दोन बोटं तोंडात घातली आणि इतकी जोरात शिट्टी मारली की मी दचकलो. कालच्यासारखेच लांब पाण्यात फळ्यांवर बसलेले काही जण होते, त्यांच्यापैकी एकाने मान वळवली. बाईने दोन्ही हात डोक्यावर नेऊन पट्टीच्या दिशेने हलवले. ती फळी वळली.

ती जवळ आल्यावर पिवळ्या केसांवरून मी ओळखलं. तीच मुलगी होती. फळीवर पालथी पडून दोन्ही हातांनी पाणी मागे सारत ती मामांकडे चालली होती. मधेच एक लाट उभी राहिली आणि दोघंही दिसेनासे झाले. मी मोजायला गेलो, पण आकडे पुढे सरकेनात. एक, एक, एक असंच म्हणत होतो. मग फेसातून फळी वर आली आणि फळीवर मामांचे दोन हात होते.

ती त्यांना काठाकडे आणत नव्हती. आणखी आत नेतेय असं मला वाटलं. मी ओरडायला लागलो, "इकडं! इकडं आणा!" शहाळीवाल्या बाईने माझा दंड घट्ट धरला आणि हाताने आडवी रेघ काढून दाखवली. आधी आडवं, त्या पट्टीतून बाहेर, मग काठाकडे. मला ते पटत नव्हतं. त्या दोघांना काठाला समांतर आडवं जाताना बघणं हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब वेळ होता. विहिरीतल्यापेक्षाही लांब. शेवटी बऱ्याच अंतरावर एका लाटेने त्यांना उचललं आणि वाळूवर फेकलं.

मी पोचलो तेव्हा मामा हातापायांवर ओणवे होऊन ओकत होते. नुसतं खारं पाणी. गुडघे सोलले होते, कानात, मिशीत वाळू. ती मुलगी त्यांच्यावर तिच्या भाषेत ओरडत होती, निशाणाकडे बोट करून, पुन्हा पुन्हा. मग ओरडता ओरडता थांबली, त्यांच्या शेजारी बसली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. तेव्हा मला कळलं की तीही घाबरली होती.

फोन तिसऱ्यांदा वाजला. मामांनी मान वर केली. "उचल," ते म्हणाले. आवाज फाटलेला.

मी उचलला. मामी म्हणाली, "आवं, कवाधरनं लावतीया! कुटं हायेत ह्ये?"

"आंघोळीला गेलेत, मामी," मी म्हणालो.

"येवडा येळ?"

"येतीलच."

"बरं. औषिद घेतलं का इचारा," म्हणाली आणि ठेवला.

खोलीवर आल्यावर घरमालकीण बाईंनी मामांचे गुडघे पाहिले आणि काहीही न विचारता दालचिनीचं गरम पाणी करून दिलं. मामा ब्लँकेट गुंडाळून बसले. बाहेर इतकं ऊन होतं, तरी त्यांचे दात वाजत होते. अर्धा कप संपल्यावर ते म्हणाले, "पाण्यानं वळखलंच न्हाई मला."

मी त्यांच्या खांद्यावरून घसरलेलं ब्लँकेट वर ओढलं.

"तू हाक कवा मारलीस?"

"लगेच," मी म्हणालो. "तुम्ही लांब गेलेले दिसलात आणि लगेच पळालो."

"व्हय," मामा म्हणाले, आणि कपात बघत राहिले.

प्लांटवर परत गेल्यावर लाइन बसली, ट्रायल झाल्या, आम्ही घरी आलो. चाकणला कॅन्टीनमध्ये मामांनी फळीवर गुडघ्यांवर बसल्याचं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्याचं रंगवून सांगितलं. चौथ्या दिवसाबद्दल ते बोलले नाहीत, मीही नाही. पण शॉपमध्ये हवेचा पाइप एकदम सुटून फस्स आवाज झाला की मामा हातातलं काम सोडून भिंतीपाशी जाऊन उभे राहायचे. इतरांना वाटायचं, वय झालं. मला माहीत होतं. आणि मला स्वतःला बेसिनचा नळ जोरात सोडला तरी मांडीवरचा तो शर्ट आठवायचा. आपण कसे उभे होतो ते आठवायचं. बायकोला सांगावं असं दोनदा वाटलं. सांगितलं नाही.

असे सात-आठ महिने गेले. एका दुपारी सेकंड शिफ्टला जायला आम्ही मोशीच्या स्टॉपवर उभे होतो. बसला उशीर झाला होता. बाकीचे सावलीत टपरीपाशी, आम्ही दोघंच रस्त्याकडे. मामांच्या रिटायरमेंटचं काहीतरी बोलणं चाललं होतं, आणि माझ्या तोंडून एकदम निघून गेलं.

"मामा, मी लगेच पळालो नव्हतो."

ते माझ्याकडे बघायला लागले.

"त्या दिवशी. तुम्ही वाहत चालला होता आणि मी नुसता उभा होतो. बराच वेळ. मामीचा फोन वाजत होता तरी उभाच. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

मला वाटलं होतं, ते चिडतील किंवा हसून सोडून देतील. मामांनी टोपी काढली, घाम पुसला, परत घातली.

"मला ठावं हाय," ते म्हणाले.

"कसं?"

"आरं, म्या तुज्याकडंच बगत व्हतो की. दुसरं बगाया व्हतं काय? निळा शर्ट घातला व्हतास तू. लाटंवर चढलो की दिसायचास, खाली गेलो की न्हाई. म्हटलं, त्यो हाय तितं काट हाय."

मी डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"तू पळालास तवा मातुर," मामा सावकाश म्हणाले, "म्या घाबारलो. तवर न्हाई. वर आलो तर तू जाग्यावर न्हाई. म्हटलं, गेला सोडून. मग शिट्टी ऐकली."

रस्त्यावरून कंटेनर गेला, त्याच्या धुळीत दोघांनीही डोळे मिटले. उघडले तर कंपनीची बस आली होती. मामा पहिल्या पायरीवर चढले, थांबले आणि मागे वळून म्हणाले, "तुज्या मामीला ह्यातलं एक अक्षर सांगायचं न्हाई. घरात पाण्याची टाकी साफ कराया बी उतरू द्याची न्हाई मला."

मग ते नेहमीच्या सीटवर, ड्रायव्हरच्या मागे, जाऊन बसले. मी त्यांच्या शेजारी बसलो. एरवी मी मागे बसत असे.